धूर कुणाच्या तेलाचा? एका छोट्या डर्ट बाइकचं प्रकरण

"मिस्त्री, लई धूर सोडालीया ओ. पोरगी पुढं, आन मागं नुसता ढग."

फेब्रुवारीतली गोष्ट. कागलकडच्या एका शेतकऱ्यानं टेम्पोतून गाडी एकट्यानं उचलून माझ्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गॅरेजसमोर ठेवली. यामाहा पीडब्ल्यू ५०. लहान मुलांची ही डर्ट बाइक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बनते आहे आणि तिचा मूळ साचा फारसा बदललेला नाही. ४९ सीसीचं, हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर बदलायची गरज नाही, रेस दिली की आपोआप धरणारा क्लच, चेनऐवजी शाफ्ट. वजन चाळीस किलोच्या आसपास. बसणारं मूल २५ किलोच्या आतलं असावं असं कंपनी सांगते. यांची मुलगी सात वर्षांची, एकवीस किलोची.

गाडी कुठं चालवता, हे मी अशा वेळी आधी विचारतो. ऊस तुटून गेलेल्या स्वतःच्या रानात, बांधाच्या आत, हेल्मेट घालून, असं उत्तर आलं. रस्त्यावर मुलाच्या हाती गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. हे गृहस्थ गाडीच्या मागच्या बाजूला दोरी बांधून स्वतः मागून पळत होते. त्यामुळं सगळा धूर त्यांच्याच छातीत जात होता.

गाडी त्यांनी मुंबईतून जुनी घेतलेली. त्याआधी ती चार-पाच वर्षं एका जागी उभी होती. आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बरी चालली, मग धूर वाढत गेला. एका गॅरेजात पिस्टन आणि रिंगा बदलून झाल्या. धूर होता तसाच. मग कुणीतरी सांगितलं की ऑइल पंप जास्त तेल सोडतोय. म्हणून ते माझ्याकडं एकच काम घेऊन आले होते: "पंप तेवढा कमी करून द्या."

मी नाही म्हणालो. हे सगळं लिहितोय तेही त्या 'नाही'साठीच. टू-स्ट्रोकमधे पेट्रोलबरोबर जाणारं तेल हेच पिस्टनचं, बेअरिंगचं आणि कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांचं एकमेव वंगण असतं. धूर दिसला म्हणून ते कमी केलं आणि धूर दुसऱ्याच तेलाचा निघाला, तर इंजिन कोरडं पडून जाम होतं. पूर्ण रेसमधे इंजिन जाम झालं की गाडीचा जोर एकदम तुटतो, आणि त्या गाडीवर सात वर्षांची मुलगी बसलेली असते.

रिंगांबद्दलही बोलायला हवं, कारण ही चूक मी वारंवार बघतो. आजचे कारागीर फोर-स्ट्रोकवर शिकलेले असतात. फोर-स्ट्रोकमधे पिस्टनच्या खाली तेलानं भरलेलं चेंबर असतं, रिंग झिजली की ते तेल वर येतं आणि जळतं. शिवाय व्हॉल्व्हची सीलं कडक झाली की वरून तेल उतरतं. म्हणून निळा धूर म्हटला की 'रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. होंडा सीआरएफ ५०एफ किंवा कावासाकी केएलएक्स ११० यांसारख्या मुलांच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना ते लागूही पडतं. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या किकला धूर आला तर व्हॉल्व्ह सील, रेस देत चढ चढताना सतत आला तर रिंग. आणि मुलांच्या गाडीत एक तिसरं कारण असतं जे मोठ्यांच्या गाडीत सहसा नसतं: गाडी आडवी पडते, बराच वेळ तशीच राहते, तेल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि उभी केल्यावर पाच-दहा मिनिटं धूर सोडते. तिथं काही दुरुस्त करायचं नसतं. डबा पुसून घ्यायचा, तेलाची पातळी बघायची.

पीडब्ल्यू ५० मधे फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, चेंबरमधे साठवलेलं तेल नाही. रिंग झिजली तर ताकद कमी होते, किक मऊ लागते, पण त्यानं निळ्या धुराचे ढग निघत नाहीत. पिस्टनचे पैसे त्यांचे वायाच गेले होते.

तीन साठे

धुराचा रंग पहिल्या दिवशी पाहिला. निळसर पांढरा, जड, जमिनीलगत रेंगाळणारा. काळा असता तर पेट्रोल जास्त होतंय म्हटलं असतं, म्हणजे चोक अडकलेला किंवा फोमचा फिल्टर तेलानं थबथबलेला. हवेत लगेच विरणारा पांढरा असता तर ती सायलेन्सरमधली वाफ. हा तेलाचाच धूर होता, यात शंका नव्हती. पण रंग फक्त तेल जळतंय एवढंच सांगतो, कुणाचं जळतंय ते सांगत नाही. या गाडीच्या इंजिनापर्यंत तेल तीन वाटांनी पोहोचू शकतं: २टीच्या (म्हणजे टू-स्ट्रोकच्या तेलाच्या) टाकीतून पंपावाटे, पेट्रोलमधे कुणी मिसळलं असेल तर त्यातून, आणि क्लचकडच्या गिअर ऑइलमधून.

म्हणून मी वही काढली. माझ्या लेखी टू-स्ट्रोकच्या धुराचा तपास हा तेलाचा जमाखर्च असतो. कुठल्या साठ्यातून किती गेलं हे मोजायचं. जो साठा कारण नसताना कमी होतो, तिथं चोर.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, बोटावर घेतलं, चोळलं. बोट तेलकट झालं. "पेट्रोलमधे काही घालता का?"

"घालतोय की. लिटरला चाळीस मिली. इंजिन जाम हुईल म्हणून भ्या वाटतंय."

"आणि २टीची टाकी?"

"ती बी भरलेलीच असतीया."

म्हणजे तेल दुहेरी. पंप आपलं काम करतोय आणि वरून लिटरला चाळीस मिली. काळजीपोटी केलेलं होतं, त्यामुळं रागवायचं काही कारण नव्हतं. पंपाची गाडी असेल तर टाकीत साधं पेट्रोल, पंप काढून टाकलेला असेल तर मिक्स, दोन्हीपैकी एकच. यामाहानं ही वेगळ्या तेलाच्या टाकीची पद्धत १९६४ मधे रस्त्यावरच्या गाडीत आणली ती याच कटकटीतून सुटका व्हावी म्हणून. आपल्याकडं आरएक्स १०० मुळं ती घराघरात पोहोचली.

पेट्रोल रिकामं केलं, साधं भरलं. २टीच्या टाकीतलं तेलही काढून टाकलं, कारण ते कुठलं हे त्यांना सांगता येईना. कमी धुराच्या जेएएसओ एफडी दर्जाचं भरलं. गिअर ऑइल काढून नवं मोजून ३०० मिली टाकलं आणि वहीत लिहिलं. दोन्ही साठ्यांची शिल्लक आता नक्की होती.

इथं एक गोष्ट आधी करावी लागते, आणि ती न केल्यामुळं मीच पूर्वी फसलोय. सायलेन्सर उतरवून उलटा टांगून ठेवला. सकाळी खालच्या डब्यात अर्धी वाटी काळं तेल साठलं होतं. महिनोन्‌महिने न जळलेलं तेल सायलेन्सरमधे मुरतं आणि मूळ दोष निघून गेल्यावरही गरम होऊन धूर काढत राहतं. दुरुस्ती बरोबर असते, पण धूर दिसतो म्हणून माणूस ती चुकीची समजतो आणि पुढचा भाग उघडतो. रॉकेलनं धुतला, वाळवला, मगच परत लावला.

गाडी चालू केली. धूर निम्म्याच्या खाली आला. पण उरला.

चूक होता होता

खरं सांगायचं तर इथं माझाही पंपावर संशय गेला. दुहेरी तेल बंद झालं, सायलेन्सर साफ झाला, उरलं काय? पंपच. हात स्क्रूड्रायव्हरकडं गेला होता. पण संशय होता, पुरावा नव्हता. म्हणून पंप हिशोबातून पूर्ण बाहेर काढून बघायचं ठरवलं.

हे असं करतात. पंपातून इंजिनाकडं जाणारी बारीक नळी सोडवायची, इंजिनाकडचं तोंड घट्ट बंद करायचं, नाहीतर तिथून हवा आत जाते. नळीचं सुटं टोक औषधाच्या मापाच्या झाकणात सोडायचं. आणि वेगळ्या छोट्या टाकीतून मिक्स पेट्रोल द्यायचं, लिटरला वीस मिली, म्हणजे पन्नासला एक. तेवढं तेल इंजिनाला पुरतं आणि नेमकं किती जातंय हे आपल्याला माहीत असतं. मिक्स न देता नळी काढून इंजिन चालवायचं नाही, एक मिनिटही नाही.

वीस मिनिटं चालवलं. पंपाचं तेल झाकणात थेंब थेंब, रेस वाढवली की भराभर, सोडली की सावकाश. निरोगी पंप असाच वागतो. आणि इंजिनाला पंपाचा एक थेंबही जात नसताना धूर होता तसाच आला. पंप निर्दोष सुटला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं तो कमी करून दिला असता तर धूर राहिलाच असता आणि वंगण गेलं असतं.

आता त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेली एक गोष्ट मला आठवली. "उताराला रेस सोडून खाली येते, आन सपाटीला परत रेस दिली की भसकन ढग." तेव्हा मी ती वहीत लिहून घेतली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. टू-स्ट्रोकमधे पिस्टन वर जाताना खालच्या चेंबरमधे ओढ तयार होते आणि तिनंच कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल आत येतं. रेस बंद असली की कार्बोरेटरचं तोंड जवळपास मिटलेलं असतं, पण पिस्टनची ओढ चालूच असते. ती मग दुसरी वाट शोधते. चेंबरच्या दोन बाजूंना क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्या शाफ्टला फिरवतो त्याची, दोन ऑइल सीलं (रबरी कडी) असतात. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर तिथून कोरडी हवा येते, धूर येत नाही, उलट इंजिन आपोआप रेस होतं आणि तापतं. क्लचच्या बाजूला मात्र पलीकडं गिअर ऑइल असतं. ते सील गेलं की इंजिन गिअर ऑइल पितं.

यात मुलांच्या गाडीची खास भर पडते. रेस एका मर्यादेपुढं उघडू नये म्हणून या गाडीत स्क्रू दिलेला असतो, शिकणाऱ्या मुलासाठी पालक तो आवळून ठेवतात. ठेवावाच. पण त्यामुळं कार्बोरेटर कायम अर्धवट मिटलेला राहतो, चेंबरमधली ओढ जास्त राहते आणि इंजिन कधी पुरतं तापून आतलं तेल जाळून टाकत नाही. मोठ्या माणसाच्या हाती हेच सील कदाचित महिनाभर लक्षात आलं नसतं.

आरएक्स १०० च्या काळात हा आजार आम्हाला तोंडपाठ होता. 'गिअर ऑइल ओढतीया' म्हटलं की काम कळायचं. त्या गाड्या रोजच्या कामातून गेल्या आणि सवयही गेली.

गिअर ऑइल काढून मोजलं. एकूण दीड तासाचं चालणं झालं होतं. ३०० टाकलेलं, २५५ निघालं. बाहेर कुठं ओल नाही, फरशीवर थेंब नाही. ४५ मिली इंजिनातून धूर होऊन गेलं होतं. वास घेतला. सील फुटलेलं असेल तर चेंबरमधलं पेट्रोलही उलट्या वाटेनं गिअर ऑइलमधे येतं आणि त्याला पेट्रोलचा वास मारतो. इथं मागमूस नव्हता. यानं मी पुन्हा जरा घोटाळलो.

दाब आणि ओढ

इंजिन उघडण्याआधी चेंबरची तपासणी केली. कार्बोरेटरच्या आणि सायलेन्सरच्या तोंडावर रबर लावून पट्ट्या आवळल्या, पिस्टन खालच्या टोकाला ठेवला म्हणजे सगळे मार्ग एकमेकांना उघडे राहतात. दाब द्यायला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि त्याचंच डायल वापरतो. त्याचं ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, टू-स्ट्रोकच्या चेंबरला तेवढा दाब पुरतो. जास्त दिला तर चांगलं सीलही जागचं निघून येऊ शकतं.

३०० वर नेलं. पाच मिनिटांनी काटा २९० वर. म्हणजे पास.

इथं अनेक जण थांबतात. पण सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, कसा बसतो ते डोळ्यांसमोर आणा. त्याची स्प्रिंगची बाजू चेंबरकडं असते. आतून दाब आला की तो ओठाला शाफ्टवर आणखी घट्ट दाबतो. ओठ कडक झाला असला तरी दाबाखाली तो बसतो. ओढ लागली की तोच ओठ शाफ्टवरून उचलला जातो. म्हणजे हे सील एका दिशेला दार बंद ठेवत होतं आणि दुसऱ्या दिशेला उघडत होतं. पेट्रोलचा वास का नव्हता, त्याचं उत्तरही यातच होतं.

शेजारच्या चारचाकीवाल्याकडून ब्रेकची हवा काढायचा हातपंप आणला, त्यावर व्हॅक्यूमचं गेज असतं. साधारण ०.३ बारची ओढ दिली. काटा वीस सेकंदांत शून्यावर. मॅग्नेटोच्या सीलभोवती घट्ट ग्रीस थापून पुन्हा केलं, काही फरक नाही. मग गिअर ऑइल भरायच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिक ताणून रबरबँड लावला, तिथली श्वासनळी बोटानं बंद केली आणि तिसऱ्यांदा ओढ दिली. प्लॅस्टिक हळूच आत खचलं. ते बघायला मी मुलीच्या वडिलांना मुद्दाम बोलावलं. पिस्टनला पैसे घालून बसलेल्या माणसाला इंजिन उघडायला सांगायचं, तर कारण त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे.

इंजिन खोललं. मॅग्नेटो काढायला लागणारा पुलर बाजारात शोधत बसलो नाही, पिच गेजनं आटे मोजून पलीकडच्या लेथवाल्याकडून तासाभरात करून घेतला. उद्यमनगरात असण्याचं हे सुख आहे. क्लचकडचं सील हातात घेतलं. स्प्रिंग शाबूत, फाटलेलं कुठं नाही. पण ओठ नखानं दाबला तर दबेना, आणि एका बाजूला सपाट झालेला. चार-पाच वर्षं क्रँक एकाच जागी उभा, तेल सुकून ओठ शाफ्टला चिकटलेला, मग एक दिवस अचानक किक. दोष गाडीच्या घडणीत नव्हता, उभं राहण्यात होता.

चेंबर उघडलंच होतं, म्हणून दोन्ही सीलं आणि दोन्ही मेन बेअरिंगं बदलली. शाफ्टवर ओठानं चर पाडला आहे का ते नखानं तपासलं, नव्हता. असता तर नवं सीलही टिकलं नसतं. सीलं व्हायटॉनची घेतली. साध्या नायट्राइल रबरापेक्षा महाग पडतात, पण आता पेट्रोल पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि त्याला व्हायटॉन जास्त टिकतं. पेट्रोल टाकीत ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका असंही त्यांना सांगितलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी वाढलं की दोन्ही मिळून तळाशी वेगळं बसतं.

बंद केल्यावर पुन्हा दाब, पुन्हा ओढ. दोन्हीकडं काटा जागेवर.

गाडी चालू केली आणि धूर आला. त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, पंधरा मिनिटं थांबा. तपासणीच्या दीड तासात सायलेन्सरमधे पुन्हा तेल गेलेलं होतं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला धूर पातळ होऊ लागला, मग रेस दिली की निळसर झाक तेवढी उरली. टू-स्ट्रोकला तेवढी असतेच, आणि नसेल तर मला काळजी वाटते.

मग गाडी रानात गेली. पंपाचा अंतिम निकाल तिथंच लागणार होता. दोन लिटर पेट्रोल संपलं तेव्हा २टीच्या टाकीत खुणेपर्यंत ४५ मिली भरावं लागलं. म्हणजे चव्वेचाळीसला एकच्या आसपास, सगळ्या रेसची सरासरी धरून. मुलीच्या हळू चालवण्याला ते पुरेसं आहे. पंपाच्या स्क्रूला मी हात लावला नाही.

रेसचा स्क्रू मात्र अर्धा फेरा सैल केला, तोही मुलीचं वळण आणि ब्रेक स्वतः बघितल्यावर. तिला वेग द्यायचा म्हणून नव्हे, इंजिनाला मधूनमधून मोकळा श्वास मिळावा म्हणून. वडिलांना ते आधी पटलं नाही, दोरी अजून सोडलेली नाही.

जाताना त्यांना शाळेची एक जुनी वही दिली आणि तीन रकाने आखून दिले. परवा ब्रेक लायनर बदलायला आले तेव्हा ती बरोबर होती, मधली पानं मातीनं भरलेली. शेवटची नोंद मुलीच्या अक्षरात आहे: पेट्रोल २ लिटर, २टी ४५ मिली, गिअरचं तेल होतं तेवढंच.